राहत्या घरून

आमच्या लेआउटमध्ये माणूस गेला की पहिला फोन डॉक्टरला जातो आणि दुसरा माझ्या नवऱ्याला. शवपेटीची किल्ली त्यांच्याकडे असते. नागपूरच्या बेसा भागात असे प्लॉट पाडून वसवलेले लेआउट काही कमी नाहीत, पण विजेवर चालणारी थंड शवपेटी आमच्या मंगलधाम नागरिक मंडळाकडेच आहे, आणि आमच्या श्रीधरपंतांना तिचा इतका अभिमान की घरी आलेल्या पाहुण्यालाही सभागृहात नेऊन दाखवतात. चहाला आलेल्या माणसाला कोणी शवपेटी दाखवतं का? पण मंडळाच्या अध्यक्षांना कोण सांगणार! जन्म सरकारी कचेरीत गेला, आता उरलेले नियम आमच्यावर.

मंडळाचा दुसरा थाट म्हणजे चौकातला काळा फळा. लेआउटमध्ये कोणी गेलं की श्रीधरपंत आपल्या वळणदार अक्षरात त्यावर लिहितात. दुःखद निधन, खाली नाव, अंत्ययात्रा अमुक वाजता राहत्या घरून, प्लॉट क्रमांक अमुक. सगळ्यात खाली एक ओळ ठरलेली असते, शोकाकुल समस्त रहिवासी. ती ओळ वाचली की माणूस एकटा गेला नाही असं वाटतं, हे मात्र मी मान्य करते.

मे महिना संपत आला होता, नवतपा, उन्हाळ्यातले ते नऊ जळते दिवस, सुरू होता, आणि त्या पहाटे सखूबाई गेली. प्लॉट तेवीसच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या आहेत, तिथे ती आणि तिचा नवरा ईश्वरदास भाड्याने राहायची. माणसं मूळची उमरेडची, विणकरांच्या घरातली. हातमाग बंद पडला तेव्हा इकडे आली. ईश्वरदास वाडीला एका गोदामावर चौकीदार होता. सखूबाई रात्री जेवून झोपली ती उठलीच नाही. दर उन्हाळ्यात माझ्या गच्चीवर आम्ही दोघी मिळून सांडगे घालायचो आणि ती माझ्या हाताला नावं ठेवायची. या वर्षीचे सांडगे अजून गच्चीवर वाळत होते.

उजाडल्यावर ईश्वरदास आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"साहेब," तो श्रीधरपंतांना म्हणाला, "पोरगी सुरतले हाये. दामिनी. दुपारच्या गाडीत बसते, उद्या सकाळी पोचते. येकच पोर हाये मले. म्हणते, मी आल्याबिगर आईले नेऊ नका. तेवढी पेटी देता का?"

नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली मयत उद्या सकाळपर्यंत ठेवायची म्हणजे काय, हे सांगायला नको. भाड्याने पेट्या देणाऱ्या लोकांना त्याने आधीच फोन केले होते. या उन्हात त्यांच्या सगळ्या पेट्या बाहेर होत्या. सरकारी दवाखान्याच्या शवागारात ठेवायचं तर पोलीस, कागद, चिरफाड, असलं काही काही त्याच्या मनात बसलं होतं.

श्रीधरपंतांनी किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला. मला वाटलं, निघाले. पण ते म्हणाले, "ईश्वरदास, नियम असा आहे की पेटी सभासदाच्याच घरी द्यायची. सभासद म्हणजे प्लॉटमालक. तुम्ही भाडेकरू. मला एकट्याला ठरवता येत नाही. कमिटी बोलावतो."

"अहो, बाई मेली आहे तिकडे!" मी म्हटलं.

"म्हणूनच लगेच बोलावतो," ते म्हणाले. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही.

खरं सांगायचं तर त्या नियमालाही कारण होतं. मागे एकदा कोणाच्या तरी ओळखीने पेटी लेआउटबाहेर गेली आणि काच फुटून परत आली. तेव्हा श्रीधरपंतांनी रात्रभर बसून नियम लिहिला होता आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सभागृहात कूलर लावून कमिटी बसली. महिला उपाध्यक्ष म्हणून मीही बसले. हे पद मला हळदीकुंकवाला माईक धरायला दिलेलं आहे, पण त्या दिवशी मी ते वापरायचं ठरवलं होतं. पलीकडच्या खोलीत, दाराआड, पेटी रिकामी उभी होती.

सचिव भूपेशने सुरुवात केली. याचा प्लॉट खरेदी-विक्रीचा धंदा आहे. माणूस वाईट नाही, पण त्याला जग प्लॉटांच्या नकाशासारखं दिसतं.

"काकू, माणुसकी आपल्या जागेवर हाये," तो म्हणाला. "पण पेटी कोणाची हाये? प्लॉटवाल्यांची. आज किरायेदाराले दिली, उद्या नाल्यापलीकडच्या वस्तीतले येतील. त्याईले काय सांगाल? आन् आजच आपल्यातल्या कोणाले लागली तर? सुमंतकाका ऑक्सिजनवर हायेत. त्यांच्या घरच्याईले म्हणाल का, थांबा, पेटी किरायेदाराकडे गेली हाये?"

त्याचं हे म्हणणं खोडता येत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. सुमंतकाका आमच्या समोरच्या घरात राहतात. आदल्या दिवशीच मी त्यांना बघून आले होते.

श्रीधरपंतांनी मार्ग काढला. म्हणाले, "प्लॉट तेवीसचा मालक विक्रम आपला सभासद आहे. तो हो म्हणाला तर त्याच्या नावावर पेटी देता येईल." विक्रम पुण्याला असतो. प्लॉट घेतल्यापासून तो इथे एक रात्रही राहिलेला नाही. पण सभासद तो, आणि जी बाई तिथे राहून राहून म्हातारी झाली ती कोणी नाही.

फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"काका, फार वाईट झालं," विक्रम म्हणाला. आवाजावरून त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "पण माझ्या प्लॉटच्या नावावर नको. प्लीज. उद्या मंडळाच्याच नोंदीचा आधार घेऊन ते ताबा सांगतील. माझ्या मित्राचं असंच झालंय. आणि हो, त्या चौकातल्या फळ्यावरसुद्धा माझा प्लॉट नंबर लिहू नका. बाकी माझी काही हरकत नाही, पण माझं नाव नको."

फोन ठेवला तेव्हा भूपेशच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. सुटल्याचा भाव मात्र होता. त्याने मला जास्तच पेटवलं.

"नळाच्या लाइनीसाठी मोर्चा काढला होता," मी म्हटलं. "तेव्हा रिकामी घागर घेऊन सगळ्यात पुढे कोण चाललं होतं? पेपरात फोटो कोणाचा आला होता? सखूबाईचाच ना! तेव्हा नाही म्हणालात, ही किरायेदार आहे, हिला बाजूला करा?"

"मोर्च्याले माणसं पायजे असतात, काकू," भूपेश म्हणाला. "इथं सभासद पायजे."

हे तो वाईट हेतूने म्हणाला नाही. जे आहे ते म्हणाला. आणि सगळे माना खाली घालून बसले, कारण आहे ते तसंच होतं.

"विषय महत्त्वाचा आहे," श्रीधरपंत म्हणाले. "येत्या सर्वसाधारण सभेत घेऊ."

"तोपर्यंत सखूबाईला थांबायला सांगू का?" असं म्हणून मी उठले आणि बाहेर पडले. मागून ते काहीतरी बोलले, पण मी वळले नाही.

ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तेवीसच्या मागे गेले. सखूबाईला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून खाली निजवलं होतं. दोन्ही बाजूंना बारदानात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या होत्या. त्यांचं पाणी दारातून अंगणात येत होतं आणि शेजारची मिनल खराट्याने ते लोटत होती. लोटलेलं पाणी पाच पावलं जाऊन वाळत होतं. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं.

ईश्वरदासचा भाऊ ताराचंद उमरेडहून आला होता. तो हळू आवाजात समजावत होता, "दादा, बरफ पुरत नाही. वास सुटल्यावर नेशीन का वहिनीले? सांजच्या आत नेऊ. पोरीले समजून सांगू."

तेवढ्यात ईश्वरदासचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला नाही, हातातच धरला, आणि दामिनीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मागे गाडीचा खडखडाट होता.

"बाबा, मी गाडीत बसली. पेटी भेटली ना? बाबा? बोला ना. आई हाये ना घरी?"

"हाये," ईश्वरदास म्हणाला. "हाये, बाई. तू ये." आणि फोन ठेवून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खोटं बोलायची त्या माणसाला सवय नव्हती.

मला त्या क्षणी नियमाचे शब्द आठवले. पेटी सभासदाच्याच घरी द्यायची. बरं. मग सभासदाच्या घरी.

"ईश्वरदास, सखूबाईला उचला," मी म्हटलं. "माझ्या घरी न्यायचं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मयत कोणी दुसऱ्याच्या घरात नेते का, बाई?"

"नेत नाहीत. आज नेऊ."

"तुमच्या घरी देव हायेत."

"देवांवर पडदा टाकते. उचला म्हटलं ना!"

ताराचंदने बाज आणली. एका बाजूला ते दोघे भाऊ, दुसऱ्या बाजूला मिनल आणि मी. माझे गुडघे जिना चढताना रडतात, पण त्या दुपारी तक्रार केली नाही त्यांनी. गल्लीतून निघालो तेव्हा खिडक्यांचे पडदे हलले. कोणी बाहेर आलं नाही आणि कोणी काही विचारलंही नाही.

खोटं कशाला सांगू, उंबऱ्यापाशी माझे पाय थांबले. सासूबाई याच उंबऱ्यातून गेल्या, सासरेही गेले. या दारातून मयत बाहेर नेलेली मी पाहिली होती, आत आणलेली कधीच नाही. मग सखूबाईचे पाय दिसले, टाचांना भेगा पडलेले, माझ्या गच्चीच्या पायऱ्या चढून चढून झिजलेले. मी म्हटलं, "चला," आणि आत गेलो.

श्रीधरपंतांना निरोप पाठवला: सभासदाच्या घरी मयत आहे, पेटी पाठवा. ते धावत आले. बिचाऱ्यांना वाटलं असणार, मलाच काही झालं. दिवाणखान्यात सखूबाईला बघून ते दारातच भिंतीला धरून उभे राहिले.

"सुमती, मला विचारायचं तरी," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर सर्वसाधारण सभेत घेतलं असतंत."

त्यांचं लक्ष देवघराच्या पडद्याकडे गेलं, मग ईश्वरदासकडे. ईश्वरदास चप्पल बाहेर काढून, भिंतीपासून दूर, कुठे काही शिवू नये असा अंग चोरून उभा होता. श्रीधरपंतांनी कपाळ पुसलं आणि तसेच बाहेर गेले. ते पेटी घेऊन येतात की भूपेशला, हे मला कळेना. घरात फक्त पंख्याचा आवाज होता. बर्फाचं पाणी आता माझ्या फरशीवर पसरत होतं. मी फडकं घेऊन बसले आणि पुसत राहिले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शेवटी दोन्ही आले. हातगाडीवर पेटी आणि तिच्या मागोमाग भूपेश.

"काका, हे तं नियमाले चुना लावणं झालं!" तो रस्त्यातूनच ओरडत होता.

"नियमात लिहिलंय, पेटी सभासदाच्या घरी," श्रीधरपंत म्हणाले. "हे सभासदाचं घर आहे. मयत कोणाची, ते नियमात नाही. मीच लिहिलाय तो."

"आन् सुमंतकाकांचं काही झालं तर?"

श्रीधरपंतांनी हातगाडीला हात लावला. "तर त्यांच्या घरच्यांचं मी ऐकून घेईन. तुझ्यावर नाही ढकलणार."

भूपेशने मान हलवली आणि गेला. पेटी लागली, मोटर घरघरू लागली. काचेआड सखूबाई दिसायला लागली तेव्हा ईश्वरदास पहिल्यांदा खाली बसला आणि रडला.

ती रात्र मी समोरच्या घराकडे कान लावून काढली. सुमंतकाकांना एवढी रात्र काढू दे, म्हणून देवाला विनवत होते, आणि देवावर तर पडदा टाकलेला. काकांनी रात्र काढली. पहाटे त्यांच्या खोकल्याचा आवाज ऐकला आणि मला हायसं वाटलं.

सकाळी श्रीधरपंत खडू घेऊन चौकात गेले. मी मागून गेले. त्यांनी लिहिलं होतं: दुःखद निधन. सौ. सखूबाई ईश्वरदास पराते. अंत्ययात्रा सकाळी नऊ वाजता, राहत्या घरून, प्लॉट क्र. १४. चौदा म्हणजे आमचं घर. खालची ओळ नव्हती.

"तेवीस का नाही लिहिलं?"

"विक्रम ईश्वरदासला खोलीतून काढेल. त्यापेक्षा चौदा बरं."

"आणि शोकाकुलची ओळ?"

"ती सगळ्यांच्या वतीने असते. मंडळाचा ठराव झालेला नाही, सुमती. मला एकट्याला लिहिता येत नाही." त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मी भांडले नाही.

थोड्या वेळाने दामिनी आली. स्टेशनवरून ऑटोने आली ती चौकातला फळा बघूनच. घरात शिरली, पेटीवर पडली, आणि तिचा तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. बऱ्याच वेळाने उठली. माझे हात धरले.

"काकू, तुमचे उपकार मी जल्मभर विसरणार नाही. माही आई मले पाहाले भेटली." मग डोळे पुसून म्हणाली, "पण बोर्डावर चौदा नंबर काहून लिवला?"

मी तिला विक्रमचं सांगितलं, मंडळाचं सांगितलं. ती ऐकत होती, पण मान हलवत नव्हती.

"आई इथं नव्हती राहत. थ्या खोलीत राहत होती. मी तिथंच लहानाची मोठी झाली. तुमच्या घरून नेली तं, थे खोलीत कधी राहतच नव्हती, असं होईन ना, काकू?"

मला आधी रागच आला. एवढं सगळं केलं, देवांवर पडदा टाकला, नवऱ्याला अडचणीत आणलं, आणि ही पोरगी नंबर घेऊन बसली आहे! पण ती खरं बोलत होती. सखूबाईला मी माझ्या घरात आणून रहिवाशांत मोजलं होतं. तिच्या स्वतःच्या घरात तिला मोजायला मीही तयार नव्हते.

"पोरी, राहू दे वं," ईश्वरदास म्हणाला. "खोली जाईन हातची."

"जाईन तं जाऊ द्या. मी नेईन तुमाले सुरतले. पण आई आपल्या घरून जाईन."

ती चौकात निघाली. आम्ही मागे. घराघरांतून माणसं अंत्ययात्रेसाठी म्हणा की तमाशासाठी म्हणा, फाटकांपर्यंत आली होती. दामिनीने तळहाताने चौदा पुसलं आणि इकडेतिकडे बघितलं. खडू नव्हता. खडू श्रीधरपंतांच्या खिशात होता.

भूपेशने स्कूटर आडवी लावली. "काका, तेवीस लिवू देऊ नका. विक्रमभाऊ मंडळावर केस टाकतील. तुमच्यावर टाकतील, अध्यक्ष म्हणून."

श्रीधरपंतांचा हात खिशाशी गेला आणि तिथेच राहिला. मी त्यांच्याकडे बघत होते. लग्नापासून या माणसाने नियमाबाहेर एक पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. काल टाकलं तेही नियमाच्या आतून. आज आत राहायला जागाच नव्हती. त्यांनी खडू काढला आणि दामिनीच्या हातावर ठेवला.

तिने लिहिलं, प्लॉट क्र. २३, मागच्या खोल्या. अक्षर वेडंवाकडं आलं, पण चौकातून वाचता येईल एवढं मोठं होतं. मग तिचा हात खाली रिकाम्या जागेपाशी थांबला.

"इथं तुम्ही नेहमी काही लिवत असता ना, काका?"

श्रीधरपंतांनी खडू परत घेतला. शोकाकुल लिहिलं. थांबले. मग एका दमात पुढचे दोन शब्द लिहिले, समस्त रहिवासी.

"कोणते रहिवासी, काका?" भूपेश म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "ठराव कुठी झाला?"

श्रीधरपंत वळले आणि फाटकांशी उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्याला वाटतं ही ओळ आपल्या नावावर नको, त्याने येऊन पुसावी."

डस्टर फळ्याच्या खिळ्याला लटकत होतं. आम्ही उभे राहिलो. एखादा पुढे आला असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. श्रीधरपंतांनी पुसू दिलं असतं, एवढं नक्की. भूपेश स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून डस्टरकडे बघत होता. कोणी हललं नाही.

मग आम्ही परत माझ्या घरी गेलो, पेटी उघडली, बाज उचलली, आणि घाटावर न्यायच्या आधी सखूबाईला तिच्या घरी नेलं.